सुट्टी कुणाची आणि छंद कुणाचा?

(तृतीय वर्ष, कला)

कला शाखेच्या पदवीधराला नोकरी कोण देणार, हा प्रश्न महाविद्यालयांच्या वार्षिक अंकांतून पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे. त्याचे उत्तर पूर्वी शाळा, बँक, कचेरी आणि वृत्तपत्र असे असे. आता त्यात एका नव्या धंद्याची भर पडली आहे. त्याचे नाव ऑनलाइन मार्केटिंग. मराठी घेऊन बी. ए. झालेली मुलगी एखाद्या साडीच्या दुकानासाठी रोज चार ओळी लिहिते आणि मानसशास्त्राचा विद्यार्थी गिऱ्हाईक कुठल्या शब्दापाशी थांबते हे मोजत बसतो. काम बसून करायचे असते, आणि भाषेची जाण असलेल्याला त्यात गोडीही वाटते. तेव्हा ह्या धंद्याला नाके मुरडण्यासाठी मी लेखणी उचललेली नाही. माझी तक्रार निराळी आहे. ह्या नोकरीत माणसाचा छंद आणि माणसाचे घर ही दोन्ही हळूहळू नोकरीच्या पोटात जातात, आणि वर आपण ‘त्याला वेळेचे नियोजन जमत नाही’ असे म्हणून त्या माणसालाच दोष देतो. हे मला मान्य नाही.

आधी ह्या कामाचे स्वरूप पाहू. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची तर मजकूर संध्याकाळी छापखान्यात गेला की काम संपे. छापून झाल्यावर तीत काना-मात्रेचाही बदल करता येत नसे. इंटरनेटवरची जाहिरात कधी ‘छापून झाली’ असे होतच नाही. कुणी गूगलवर ‘लग्नाचा शालू’ असे शोधले, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिथल्या जागेचा लिलाव होतो. कुणाची बोली किती आणि कुणाची जाहिरात त्या शोधाला धरून आहे, ह्यावर जागा कुणाला हे ठरते. हा लिलाव अहोरात्र चालू असतो. त्याला रविवार नाही, अमावास्या नाही. शिवाय किती जणांनी जाहिरात पाहिली, किती जणांनी तिच्यावर बोट टेकवले, एका खरेदीमागे किती रुपये गेले, हे सारे आकडे खिशातल्या फोनवर हलत असतात. आकडे हलताना दिसले की माणसाचा हात शिवशिवतो. मालकाचा तर फारच शिवशिवतो.

माझी थोरली बहीण पुण्यात अशाच एका एजन्सीत काम करते, तेही घरून. ताईला पेटीचा नाद आहे. आजोबांच्या भजनी मंडळातली जुनी पेटी लग्नानंतर ती हट्टाने सासरी घेऊन गेली. तिच्या कंपनीचे एक गिऱ्हाईक अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात आणि थंडीत साडेआठ. म्हणजे ज्या वेळी कुकरची शिट्टी होते, मुलाचे गणित अडते आणि एके काळी पेटीचा भाता उघडला जात असे, नेमक्या त्याच वेळी मीटिंग. मग रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी विचारतो, ‘आज खर्च जास्त कसा झाला?’ ह्याचे उत्तर एका ओळीचे आहे. ठरवून दिलेल्या दैनिक रकमेच्या दुपटीपर्यंत गूगल एखाद्या दिवशी खर्च करू शकते आणि महिन्याच्या हिशेबात ते जुळवून घेते. ही ओळ दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सांगितली असती तर आभाळ कोसळले नसते. पण ती अकराला सांगावी लागते. मग झोप उडते, आणि झोप उडाली म्हणून पुन्हा आकडे पाहिले जातात.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र वाटते, ‘घरूनच तर काम, किती बरे!’ माझा सहा वर्षांचा भाचा ह्या बाबतीत मोठ्यांपेक्षा शहाणा आहे. खोलीचे दार लावलेले असले की तो पाहुण्यांना सांगतो, ‘आई ऑफिसला गेलीय.’

सणांचे तर विचारूच नका. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी ह्या दिवशी सारा समाज खांद्यावरचे जू खाली ठेवतो आणि बाजारात जातो, म्हणून नेमके त्याच दिवशी ह्या लोकांना जुंपून घ्यावे लागते. कुणी म्हणेल, मिठाईवाल्याची दिवाळीही भट्टीपुढेच जाते, एस. टी.च्या चालकाची रस्त्यावर जाते आणि नर्सची रुग्णालयात. खरे आहे. पण मिठाईवाला भाऊबीज आटोपली की दुकान बंद करून गावी जातो, चालकाची फेरी आगारात संपते आणि नर्सची पाळी बदलते. कष्ट कुठे नाहीत? मला खटकतो तो त्यांना नसलेला शेवट.

आपण रविवार गृहीत धरतो. पण तो काही आकाशातून पडला नाही. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली आणि 1890 च्या जूनमध्ये गिरणीमालकांना ती मान्य करावी लागली. पुढे 1948 च्या कारखाना कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली. त्या सुटलेल्या वेळात गिरणगावाने काय केले? चाळीचाळींतून भजनी मंडळे चालवली, नाटके बसवली, शाहिरांचे फड ऐकले. गिरणीचे जिणे सुखाचे होते असे मी मुळीच म्हणत नाही. कापसाच्या तंतूंनी त्या लोकांची छाती भरून जात असे. परंतु पाळी सुटली की माग गिरणीतच राही. मृदंग घ्यायला घरी जाणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ तो चाळीत येत नसे. ताईचा माग तिच्या उशाशी असतो.

ह्यावर ठरीव उत्तर मिळते, ‘धंदाच तसा आहे, चोवीस तास डोळा ठेवावा लागतो.’ हे अर्धसत्य आहे, आणि ते खुद्द यंत्र बनवणाऱ्यांच्या सांगण्यावरून दाखवता येते. फेसबुक व इन्स्टाग्राम चालवणारी मेटा कंपनी सांगते की नवी जाहिरात लावली की यंत्रणा काही काळ शिकत असते. आठवड्याभरात सुमारे 50 वेळा अपेक्षित ती गोष्ट, म्हणजे खरेदी म्हणा, चौकशी म्हणा, घडली की तिला गिऱ्हाइकाची पारख येते. मधेच मोठा बदल केला तर शिकणे पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून जाहिरातीला वारंवार हात लावू नका, असा कंपनीचाच सल्ला आहे. आता सांगा, रात्री अकराला आकडे पाहून पहाटे बोली बदलायला लावणारा मालक धंदा राखतो की नासवतो? पेरलेले बी रुजले की नाही हे रोज उकरून पाहणारा शेतकरी आमच्या गावात तरी कुणी पाहिला नाही. सेलच्या दिवशी दुकानाची साइट बंद पडली किंवा जाहिरातीखाली शिवीगाळ सुरू झाली तर कुणीतरी जागे हवे, हे कबूल. त्यासाठी एकाची पाळी लावावी, त्या पाळीचे पैसे द्यावेत आणि बाकीच्यांना झोपू द्यावे.

आता छंदाकडे वळते, कारण मला खरी भीती तिथे वाटते. वेळ गेला तर परत मिळवता येईल. पण ह्या धंद्याची नजर एकदा छंदावर पडली की छंद छंद राहत नाही. तुम्ही बरी रांगोळी काढता असे दिसले की पहिला सल्ला ‘चॅनेल काढ!’ हाच मिळतो. ताईलाही तो मिळाला, आणि तोही सहकाऱ्यांकडून, अगदी प्रेमाने. पेटीचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे, वर ठसठशीत अक्षरे आणि आठवड्याला किमान चार. ज्या माणसाने दिवसभर दुसऱ्याच्या साडीसाठी हेच केले, त्याने रात्री स्वतःच्या भूपासाठीही तेच करायचे? मग पेटीसमोर बसले तरी कान सुराकडे नसतात, पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबेल का इकडे असतात. छंदातून चार पैसे मिळवणाऱ्याला मी नावे ठेवत नाही. कित्येक घरे त्यावर चालतात, आणि कुंभार आपले मडके विकतो म्हणून काही कलावंत कमी ठरत नाही. माझे म्हणणे इतकेच की एखादी गोष्ट न मोजता करण्याचा हक्क माणसाला असावा. जो दिवसभर मोजतो त्याला तर तो अधिकच हवा.

जाहिरातीच्या धंद्यात राहून हे साधता येते, ह्याचा दाखला आपल्या भाषेत आहे. कोल्हापुरात जन्मलेले अरुण कोलटकर मुंबईच्या जाहिरातसंस्थांत चित्रकार म्हणून वर्षानुवर्षे काम करत होते आणि त्या धंद्यातही त्यांचे नाव होते. 1976 साली त्यांचे इंग्रजी ‘जेजुरी’ आले, 1977 साली ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह. त्यानंतर जवळजवळ पाव शतक त्यांचा नवा मराठी संग्रह निघाला नाही, मग 2003 साली ‘भिजकी वही’ आली. मधल्या काळात हा माणूस लिहीत होता, आणि पखवाज शिकत होता. पंचवीस वर्षे काही प्रसिद्ध न करता लिहिणाऱ्याला आजचा एखादा मार्केटिंगवाला काय म्हणेल, ह्याची कल्पना करून मला हसू येते. अर्थात कोलटकरांची गोष्ट सांगून ताईला उपदेश करता येणार नाही. त्यांच्या काळची जाहिरात कचेरीत करायची असे आणि संध्याकाळी तिथेच राही.

आणि दुसरा फरक घरातला आहे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात असे आढळले, आणि घरकाम करणारे पुरुष 97. असे पुरुष तरी किती? शंभरात सव्वीस. तेव्हा ‘छंद जोपासा’ हा उपदेश वर्गात मुलामुलींना सारखाच केला जात असला तरी तो सारखा लागू पडत नाही. भावजी सज्जन आहेत. शनिवारी पहाटे ट्रेकिंगला जातात आणि त्याला घरात ‘त्यांचा छंद’ म्हणतात. ताईच्या पेटीला मात्र ‘वेळ मिळाला तर वाजवते’ असे म्हणतात. ह्यात दुष्टावा कुणाचाच नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नोकरीने बळकावलेली संध्याकाळ उद्या सोडवून आणली तरी ती थेट स्वयंपाकघरात जमा होणार असेल, तर पेटीला काय मिळाले?

फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला, ऑस्ट्रेलियात 2024 च्या ऑगस्टमध्ये. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे ह्यांनी 2018 च्या डिसेंबरात लोकसभेत असे खासगी विधेयक मांडले होते. खासगी विधेयकांचे सहसा जे होते तेच त्याचे झाले. पण कायद्याची वाट पाहत हातावर हात धरून का बसावे? मुलाखतीला जाताना आपण पगार विचारतो, सुट्ट्या विचारतो. त्याबरोबर रात्री आलेल्या निरोपाचे उत्तर केव्हा अपेक्षित असते, सणाच्या दिवशी पाळी कशी लावतात आणि तिच्या बदल्यात काय मिळते, हेही विचारता येईल. जिथे जिथे डिजिटल मार्केटिंगचे वर्ग चालतात, तिथे शिकवणाऱ्या सरांनी आणि मॅडमनी बोली लावण्याबरोबर एक तास ह्याला द्यावा, अशी माझी विनंती आहे. असे विचारणाऱ्याला नोकरी मिळत नाही, अशी भीती वर्गात पुष्कळांनी बोलून दाखवली. ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

तरी गेल्या वर्षी ताईच्या कंपनीत दिवाळीच्या पाळ्यांचा प्रश्न कुणीतरी प्रथमच विचारला. विचारणारी मुलगी नुकतीच पदवी घेऊन आलेली होती आणि नोकरीला तिला चार महिनेही झाले नव्हते. आधी शांतता पसरली, मग दोन दिवसांनी तक्ता आला. ताईच्या वाट्याला लक्ष्मीपूजनाची रात्र आली आणि भाऊबीज मोकळी मिळाली. ती पेटी घेऊन आली होती. वरच्या सप्तकातली एक पट्टी बसली आहे, ती दुरुस्त करून घ्यायची आहे.