विश्लेषण : जुन्या लष्करी सराव विमानाचे इंजिन बदलावे का? ‘किती देते’ हा प्रश्न इथे का फसतो?

विरार ते चर्चगेट हे अंतर साधारण ६० किलोमीटर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यावर हजारो वैमानिक उडायला शिकले, ते ‘टायगर मॉथ’ हे दोन आसनी विमान एवढे अंतर २७-२८ मिनिटांत कापेल. त्यासाठी त्याला सुमारे १४ लिटर पेट्रोल लागेल. म्हणजे लिटरला चार-सव्वाचार किलोमीटर. वसई-विरारमध्ये कोणी नवी गाडी आणली की सोसायटीच्या गेटवर पहिला प्रश्न येतो, ‘किती देते?’ त्या हिशेबाने टायगर मॉथ नापासच. मग या विमानात आधुनिक, काटकसरी इंजिन का बसवत नाहीत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर मात्र मायलेजमध्ये नाही.

चर्चा कोणत्या विमानांची?

भारतीय हवाई दलाकडे जुनी विमाने उडती ठेवणारी ‘विंटेज फ्लाइट’ आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणलेले टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडनच्या तळावर उडाले. पुढे अमेरिकी बनावटीचे ‘हार्वर्ड’ हे सराव विमान आले आणि २०१८ मध्ये ‘परशुराम’ नावाचे डाकोटा. डाकोटा हे मालवाहू विमान असल्याने ते इथे बाजूला ठेवू.

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे विमान मात्र वेगळे आहे. ते म्हणजे हिंदुस्तान एअरक्राफ्टचे ‘एचटी-२’. भारतात आखलेले आणि भारतातच बांधलेले हे पहिले प्रशिक्षण विमान ५ ऑगस्ट १९५१ रोजी बेंगळुरूत उडाले. त्याचे आरेखन डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली झाले. घाटगे मूळचे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीतील गॉटिंगेन येथे लुडविग प्रांड्टल या वायुगतिकीच्या पितामहाच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली होती. एचटी-२ पावणेदोनशेच्या आसपास बनली, त्यातली काही घानाच्या हवाई दलालाही दिली गेली. तीन दशकांहून अधिक काळ भारतीय वैमानिकांची पहिली पाटी-पेन्सिल हेच विमान होते.

इंजिनाचा प्रश्न या विमानालाही पहिल्या दिवसापासून चिकटलेला होता. पहिला नमुना १४५ अश्वशक्तीच्या ‘जिप्सी मेजर’वर उडाला, तर कारखान्यातून निघालेल्या विमानांत १५५ अश्वशक्तीचे ‘सिरस मेजर’ बसले. दोन्ही ब्रिटिश. पुढे काही विमानांना १६० अश्वशक्तीचे अमेरिकी ‘लायकमिंग’ लावण्यात आले.

इंधन किती लागेल हे कसे काढायचे?

पिस्टन इंजिनासाठी एक ढोबळ नियम लक्षात ठेवला तरी पुरेसे आहे. एक अश्वशक्ती तासभर वापरली की साधारण ०.३ लिटर पेट्रोल जळते. मधल्या वेगाने उडताना इंजिन पूर्ण जोर लावत नाही, दोन तृतीयांशाच्या आसपास लावते.

या नियमात सिरस मेजर घालून पाहा. १५५ चे दोन तृतीयांश म्हणजे सुमारे १०३ अश्वशक्ती, म्हणजे तासाला जवळपास ३१ लिटर. आता लायकमिंग. १६० चे दोन तृतीयांश १०७, म्हणजे ३२ लिटर. १९४० च्या दशकातले इंजिन काढून पुढच्या पिढीचे बसवले आणि इंधन वाचले काय? काहीच नाही, उलट एखादा लिटर जास्तच. ज्वलनाच्या पद्धतीत थोडी सुधारणा झाली असेल, पण ती या हिशेबात फार दिसत नाही. इंधन मुख्यतः वापरलेल्या अश्वशक्तीवर ठरते आणि अश्वशक्ती किती लागणार हे विमानाचा आकार ठरवतो. टायगर मॉथला दोन मजली पंख आहेत, मध्ये खांब आणि तारा आहेत, वैमानिक उघड्यावर बसतो. हा सगळा पसारा हवेतून ओढायचा तर इंजिन कोणतेही असो, किंमत मोजावीच लागते.

हार्वर्डचे गणित याच नियमाने डोळ्यांत भरते. त्याच्या नाकात ‘प्रॅट अँड व्हिटनी वास्प’ हे नऊ सिलिंडरचे, २२ लिटर क्षमतेचे, ६०० अश्वशक्तीचे गोलाकार इंजिन असते. मध्यम कारचे इंजिन दीड लिटरच्या आसपास असते, त्यावरून कल्पना यावी. आरामात उडवले तरी तासाला शंभर-सव्वाशे लिटर गेले समजा.

मग इंजिन बदलतात तरी का?

सुटे भाग आणि माणसे, ही दोन कारणे. जिप्सी किंवा सिरस इंजिनाचा नवा सिलिंडर आज दुकानात मिळत नाही. जुन्या इंजिनांतून काढावा लागतो किंवा परदेशातल्या मोजक्या कार्यशाळांकडून करून घ्यावा लागतो. लायकमिंगचे तसे नाही. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत तीच इंजिने फिरत असल्याने भाग आणि मेकॅनिक दोन्ही सापडतात. ब्रिटिश ‘चिपमंक’ या सराव विमानाचेही असेच झाले. ग्लायडर ओढण्यासाठी अनेक चिपमंकना जिप्सीच्या जागी १८० अश्वशक्तीची लायकमिंग बसली. मूळ लष्करी चिपमंक बंदुकीच्या काडतुसासारखे काडतूस फोडून सुरू व्हायचे. त्याचा धुराचा लोट पाहायला आजही हौशी लोक जमतात. रोज काडतुसे आणणाऱ्याला विचारावे.

पण इंजिन बदलणे म्हणजे स्कूटरला नवे प्लग टाकणे नव्हे. नवे इंजिन हलके असेल तर विमानाचा तोल मागे सरकतो, म्हणून नाक लांबवून इंजिन पुढे न्यावे लागते. जिप्सी मेजर उलटे टांगलेले असते, म्हणजे क्रँकशाफ्ट वर आणि सिलिंडर खाली. त्यामुळे पंखा उंचावर राहतो आणि वैमानिकाला पुढचे जरा बरे दिसते. आडव्या सिलिंडरचे रुंद लायकमिंग आले की नाकाचा आकार, हवा आत घेण्याच्या वाटा, सगळे नव्याने करावे लागते.

आणखी एक गंमत आहे, शिकाऊ वैमानिकाच्या अंगलट येणारी. जिप्सीचा पंखा अमेरिकी इंजिनाच्या उलट दिशेने फिरतो. उड्डाणासाठी जोर दिला की जिप्सीचे विमान उजवीकडे वळू पाहते, लायकमिंगचे डावीकडे. एकावर पाय बसलेल्या वैमानिकाने दुसऱ्यावर सवयीने चुकीचे पेडल दाबले तर धावपट्टी सोडायला दोन सेकंद पुरतात. म्हणूनच असा बदल डीजीसीए किंवा, लष्करी विमान असेल तर, ‘सेमिलॅक’ या यंत्रणेच्या तपासणीशिवाय करता येत नाही. ही तपासणी वेळखाऊ आहे, पण ती असायलाच हवी.

पेट्रोल पंपावरचे पेट्रोल चालेल का?

वसईतल्या वाचकाच्या अनुभवाशी या प्रश्नाचा थेट संबंध आहे. जिप्सी मेजरची मूळ रचना कमी दाबाची, ७० ऑक्टेनच्या पेट्रोलवरही चालणारी. मग १०० ऑक्टेनचे खास विमानी पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस, कशाला?

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते हे त्याचे मुख्य कारण. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे मिश्रणाची ताकद सहा-सात टक्क्यांनी घटते. गाडीचे मायलेज पडल्याची तक्रार करणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. टायगर मॉथची टाकी ८६ लिटरची, म्हणजे पावणेतीन तासांच्या थोडे वर उड्डाण. त्यातली सुमारे १२ मिनिटे फक्त या मिश्रणामुळे जातील. गाडी बंद पडली तर हायवेच्या कडेला घेता येते, वरच्या वर ती सोय नाही.

त्याहून वाईट म्हणजे इथेनॉल हवेतली ओल शोषते. किनाऱ्यावरच्या पावसाळी हवेत महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या विमानाच्या टाकीत पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसू शकतात, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तळातूनच निघते. जुन्या काळचे रबर, बुचे, टाकीला आतून लावलेले लेप हेही इथेनॉलसाठी बनलेले नव्हते.

अ‍ॅवगॅस तरी निर्दोष आहे का? नाही. त्यात शिसे असते. गाड्यांच्या पेट्रोलमधून भारताने २००० साली शिसे हद्दपार केले, विमानी पेट्रोलमध्ये ते अजून आहे. कमी दाबाच्या जुन्या इंजिनात हे शिसे प्लगवर साचते आणि ठिणगी अडते. उलट नव्या, जास्त दाबाच्या लायकमिंगना १०० ऑक्टेन लागतेच. म्हणजे जुने इंजिन खाण्यात कमी चोखंदळ, पण त्याला हवे ते साधे पेट्रोल आता बाजारात नाही. नव्याला हवे ते मिळते, पण त्याचेही दिवस मोजलेले दिसतात, कारण अमेरिकेने २०३० च्या अखेरीपर्यंत शिसेयुक्त अ‍ॅवगॅसमधून बाहेर पडण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

भारत हे इंधन बरीच वर्षे आयात करत होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत बनवलेले अ‍ॅवगॅस बाजारात आणले आणि जानेवारी २०२३ मध्ये ८० पिंपांची, १६ हजार लिटरची पहिली निर्यात जेएनपीटीतून पापुआ न्यू गिनीला रवाना झाली. जुन्या विमानांच्या दृष्टीने ही बातमी कोणत्याही नव्या इंजिनापेक्षा मोठी होती. तिची चर्चा फारशी झाली नाही.

धोका इंजिनात की इंधनाच्या वाटेत?

एचटी-२ नंतर हवाई दलात आलेल्या ‘एचपीटी-३२ दीपक’ची कथा इथे सांगितलीच पाहिजे. त्यात २६० अश्वशक्तीचे लायकमिंग होते, जगभर वापरले जाणारे आणि नावाजलेल्या घराण्यातले. कागदावर निवड चुकीची नव्हती. तरीही हे विमान १७ अपघातांत १९ वैमानिकांच्या मृत्यूला कारण ठरले. हवेत इंधनपुरवठा तुटून इंजिन बंद पडणे हे त्याचे सतत नोंदले गेलेले दुखणे होते. उष्णतेने नळीतच इंधनाची वाफ झाली की पंप ती पुढे ढकलू शकत नाही. उन्हात तापलेल्या जुन्या गाड्या घाटात अशाच रुसायच्या. त्यात इंजिन बंद पडल्यावर हे विमान फार लांब तरंगतही नसे. जुलै २००९ च्या अपघातात दोन वैमानिक गेल्यानंतर दीपक जमिनीवर बसवले गेले. त्यानंतर जवळपास चार वर्षे नवशिक्यांना थेट ‘किरण’ जेटवर शिकवावे लागले. २०१३ मध्ये स्विस ‘पिलाटस पीसी-७’ आले.

याच्या तुलनेत टायगर मॉथ पाहा. त्याची टाकी वैमानिकाच्या डोक्यावर, वरच्या पंखाच्या मध्यभागी असते आणि पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने खाली इंजिनात उतरते. वाटेत पंपच नाही. ९० वर्षांपूर्वीची ही रचना घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीइतकी साधी आहे. तिचे कौतुक करताना हेही मान्य करावे लागेल की उलटे उडताना ती फार वेळ साथ देत नाही, आणि कसरती शिकवणाऱ्या विमानाला पंप लागतोच. पण इंजिनाच्या निवडीवर जेवढा खल होतो, तेवढा टाकी ते इंजिन या दोन-तीन मीटरच्या वाटेवर होत नाही. दीपकच्या बाबतीत माणसे गेली ती या वाटेमुळे.

टर्बोप्रॉप हा उपाय होता का?

१९८४ मध्ये एचएएलने दीपकच्याच सांगाड्यात ४२० अश्वशक्तीचे अ‍ॅलिसन टर्बोप्रॉप बसवून ‘एचटीटी-३४’ उडवून दाखवले होते. हवाई दलाने ते घेतले नाही. टर्बोप्रॉप कमी उंचीवर जास्त इंधन पिते. पिलाटसचे ७०० अश्वशक्तीचे इंजिन तासाला दीडशे लिटरच्या वर सहज जाते. पण ते जेट इंधन असते, अ‍ॅवगॅसच्या तुलनेत स्वस्त आणि प्रत्येक मोठ्या विमानतळावर मिळणारे. वर्षाला हजारो तास उडणाऱ्या ताफ्यासाठी हा सौदा पटण्यासारखा आहे. आता नाशिकच्या कारखान्यातही ज्याची निर्मिती सुरू झाली आहे, ते ‘एचटीटी-४०’ टर्बोप्रॉपच आहे. त्याचेही इंजिन अमेरिकी हनीवेलचे. घाटग्यांच्या एचटी-२ पासून इथपर्यंत सराव विमान आपले आणि इंजिन बाहेरचे, हे चित्र सात दशकांत बदललेले नाही.

मग वारसा विमानाचे काय करावे?

असे विमान वर्षाला समजा ३० तास उडते. तासाला ३१ लिटर धरले तर वर्षाचे ९३० लिटर. ३२ धरले तर ९६०. फरक ३० लिटरचा, एका कारची टाकीही भरणार नाही इतका. त्यासाठी तोल, नाक, पंखा, परवानगी असा सगळा खटाटोप करणे वेडेपणाचे आहे. इंधन वाचवायचे म्हणून वारसा विमानाचे इंजिन बदलू नये. सुटे भाग संपले, तडे गेलेला क्रँकशाफ्ट मिळेना, तर जरूर बदलावे, आणि तेव्हा मूळ इंजिन भंगारात न देता स्वच्छ करून विमानाशेजारीच ठेवावे. नव्याचे सर्व कागद उघडे असावेत. खर्च करायचाच तर आधी इंधनाच्या नळ्या, गाळण्या आणि टाक्या नव्या कराव्यात.

आणि काही सवयी बदलू नयेत. हार्वर्डचे गोल इंजिन उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत जमते. तसेच सुरू केले तर आतला दांडा वाकू शकतो. म्हणून सुरू करण्यापूर्वी दोघे-तिघे पंख्याची पाती हाताने ओढून इंजिन काही फेरे फिरवतात, आणि मध्येच पाते अडले तर जोर न लावता थांबतात व खालचे प्लग काढून तेल गळू देतात.