शेवट १६८९ साली झाला नाही

'छावा'ची कमाई मोजून झाली, तो ओटीटीवर येऊन घराघरांत बघून झाला, तरी त्याच्या शेवटाबद्दलचं बोलणं काही थांबत नाही. आमच्या स्टाफरूममध्ये यावर तीन पक्ष आहेत. एका सरांनी तो थिएटरात तीनदा बघितला. एक मॅडम शेवटचा सगळा भाग मान खाली घालून बसल्या होत्या, "बघवंना झालतं ओ" म्हणतात, पण पुढच्याच रविवारी मुलाला मुद्दाम घेऊन गेल्या. तिसरे एक ज्येष्ठ सर म्हणतात, संगमेश्वरातच पडदा पाडायला पाहिजे होता, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. तिघेही महाराजांना मानणारे, तिघेही अशा सिनेमांचे हौशी. आणि तिघांच्या बोलण्यात एक रुखरुख सारखीच. काहीतरी अपुरं राहिलं.

ही रुखरुख खरी आहे, आणि तिचं कारण छळ किती मिनिटं दाखवला यात शोधू नये, असं माझं म्हणणं आहे. गोष्ट चुकीच्या जागी संपवली, हे ते कारण.

आधी एक गोष्ट साफ सांगते, कारण माझं नाव वाचून काही लोक पुढचं वाचायच्या आधीच उत्तर लिहायला घेतात. औरंगजेबानं संभाजीराजांना हालहाल करून मारलं. ११ मार्च १६८९. ते क्रौर्य होतं आणि त्याला माझ्याकडे 'पण' नाही. सिनेमात जे दाखवलं ते कमी दाखवा, झाका, असं मी म्हणत नाही. माझी तक्रार उलटी आहे. तुम्ही पुरेसं दाखवलं नाही.

गेली सात-आठ वर्षं महाराष्ट्र एक लांबलचक गाथा पडद्यावर बघतोय. २०१८ ला 'फर्जंद', मग 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार', २०२४ ला 'शिवरायांचा छावा'. मध्ये 'सरसेनापती हंबीरराव'. छोट्या पडद्यावर अमोल कोल्हेंची 'स्वराज्यरक्षक संभाजी', जिचा शेवट २०२० ला किती दाखवावा यावर तेव्हाही घमासान चर्चा झाली होती. आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला लक्ष्मण उतेकरांचा हिंदी 'छावा', शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. सावंत आपल्या आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते, हे जाता जाता. दिग्दर्शक वेगळे, नट वेगळे, भाषासुद्धा वेगळी, पण बघणाऱ्याच्या मनात ही एकच गोष्ट आहे. आज सातवीत बसलेलं पोर या गोष्टीतच वाढलंय. आणि या सगळ्या गाथेचा सर्वांत मोठा, सर्वांत जास्त बघितला गेलेला शेवट कोणता, तर साखळदंडातला राजा आणि समोर बसलेला म्हातारा बादशहा. त्यानंतरचं सगळं फार तर दोन-चार वाक्यांत उरकतं.

ज्या शहराची गादीच त्या 'त्यानंतर'मधून निघाली, त्या कोल्हापूरनं हे मुकाट्यानं गिळावं याचं मला नवल वाटतं.

बघा, त्यानंतर काय झालं. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला पोहोचले आणि त्या एका किल्ल्यासाठी झुल्फिकारखान जवळजवळ आठ वर्षं अडकून पडला. इकडं संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव. ज्या छावणीत राजांचा अंत झाला त्याच छावणीत संताजीनं घुसून बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून नेले, असं सांगतात. कागल तालुक्यात सेनापती कापशी आहे ना, ती याच घोरपड्यांची. १७०० ला राजाराम महाराज सिंहगडावर वारले. आता संपलं, असं दिल्लीवाल्यांना वाटलं. तेव्हा पंचविशीतली एक विधवा चार वर्षांच्या मुलाच्या नावानं कारभार हातात घेते. ताराराणी. 'छावा'त आशुतोष राणांनी जे हंबीरराव केलेत ना, त्यांची मुलगी. म्हणजे बाप पडद्यावर आहे, आणि ज्या लेकीनं ही लढाई शेवटपर्यंत चालवली तिची गोष्ट सुरू व्हायच्या आतच दिवे लागतात.

सात वर्षं ती लढली. बादशहानं पन्हाळा घेतला १७०१ ला, विशाळगड १७०२ ला, म्हातारा स्वतः पालखीतून डोंगर चढत होता. किल्ला घ्यायचा, पुढं जायचं, मागं मराठ्यांनी तो परत घ्यायचा. मराठे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले. १७०७ ला अहमदनगरजवळ अठ्ठ्याऐंशी वर्षांचा औरंगजेब मेला, दिल्लीचं तोंड परत न बघता. खुलताबादला साध्या मातीच्या कबरीत पुरला गेला. पंचवीस वर्षं दक्षिणेत काढली, आदिलशाही आणि कुतुबशाही ही दोन मुसलमान राज्यं बुडवली, आणि मराठ्यांपुढं हरून गेला. शेवट हा आहे.

उर्दू शिकवते म्हणून मला एक फायदा आहे, फारसीवाल्यांचं थोडंफार वाचावं लागतं. खाफीखान मोगलांच्या बाजूचा, मराठ्यांबद्दल लिहिताना त्याची लेखणी शिव्या देते. पण ताराराणींची हुशारी, राज्य चालवायची आणि फौज हलवायची समज यांची दखल त्यालाही घ्यावी लागली. भीमसेन सक्सेना मोगलांच्या चाकरीतला हिंदू कायस्थ, दलपतराव बुंदेल्याच्या पदरी. त्यानंही तिच्याबद्दल लिहून ठेवलंय. शत्रूच्या कारकुनांनी नोंदलेली बाई आपल्याच पडद्यावर तळटीप होऊन बसली. सोनी मराठीवर 'स्वराज्यसौदामिनी ताराराणी' मालिका आली होती, मान्य. तिच्या एखाद्या प्रसंगावरून कुणी रस्त्यावर घोषणा देत फिरलेलं मला आठवत नाही.

"मॅडम, तीन तासांत किती दाखवणार?" हे मला ऐकवलं गेलंय. बरोबर आहे. पण वेळेचं गणित कुणीतरी बसून ठरवतं. लढाया, दरबार, गाणी, सगळ्याला वेळ मिळतो. विजयाच्या अठरा वर्षांना दोन वाक्यं आणि छळाला एवढा ऐवज, ही वाटणी आपोआप होत नाही. अश्रू विकले जातात, हे निर्मात्याला माहीत असतं.

मरणावर संपणाऱ्या गोष्टी मला परक्या नाहीत. उर्दूत मर्सिया नावाचा सगळा काव्यप्रकारच त्यावर उभा आहे. लखनौचे मीर अनीस, मिर्झा दबीर यांनी करबलावर हजारो ओळी रचल्या. त्याचे भाग ठरलेले: चेहरा, सरापा, रुखसत, आमद, रजज, जंग, शहादत, बैन. म्हणजे वीर निघतो, निरोप घेतो, रणात येतो, ललकारतो, लढतो, पडतो, आणि मग रडणं. 'छावा' बघताना मी हे भाग बोटांवर मोजत होते, एकेक जुळत गेला. पण करबला सांगणारे हुसैनांच्या शहादतीवर गोष्ट सोडून देत नाहीत. पुढं जैनब येतात. भाऊ, मुलं, सगळं गमावलेली ती बाई कैदी म्हणून दमिश्कला यजीदच्या दरबारात नेली जाते आणि तिथं उभी राहून त्याला सुनावते. ऐकणारा रडतो, पण यजीद हरला हे ऐकून उठतो. आमच्या कोल्हापुरात मोहरमला तालमीतालमींतून पंजे बसतात, बसवणारे किती हिंदू असतात हे इथं कुणाला सांगायला नको. हुतात्म्याचं दुःख शेजाऱ्याबरोबर वाटून घ्यायची रीत या गावाला पिढ्यान्‌पिढ्या येते.

सिनेमानं रडवलं आणि त्या रडण्याला पुढं वाट ठेवली नाही. हा माझा मुख्य आक्षेप आहे. जिंकलेल्या लढाईचा हिशेब मिटलेला असतो, त्यात कुणाकडून काही वसूल करायचं नसतं. छळावर थांबलेली गोष्ट मात्र उधारी ठेवते. प्रेक्षक बाहेर पडतो तेव्हा बादशहा त्याच्या डोक्यात अजून जिवंत असतो, सिंहासनावर बसलेला. आणि खरा तर तीनशे वर्षांपूर्वी मेलाय. मग ती उधारी मागायची कुणाकडं? भरूचला एकानं थिएटरचा पडदाच फाडला, ते हसण्यावारी गेलं. बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री बॅटऱ्या घेऊन मोगलांचं सोनं खणायला लागले, त्यावरही आपण हसलो. पण १७ मार्च २०२५ ला नागपुरात कबरीच्या वादावरून दंगल झाली, एक माणूस गेला, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं की 'छावा'नंतर औरंगजेबाविरुद्धच्या भावना पेटल्या आहेत.

दंगल सिनेमानं केली असं मी म्हणत नाही. आपल्याकडं ७ जून २०२३ ला मोबाइलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली, नेट बंद पडलं, तेव्हा 'छावा' यायचा होता. १४ जुलै २०२४ ला विशाळगडाच्या अतिक्रमणाच्या निमित्तानं आलेल्या जमावानं गडावर नसलेल्या गजापूरची मुसलमान घरं आणि मशीद फोडली, तेव्हाही यायचा होता. पण गजापूर कुठलं ते आठवा. बाजीप्रभूंनी अडवली ती घोडखिंड गजापूरचीच म्हणून ओळखली जायची. 'पावनखिंड' बघून टाळ्या वाजवलेल्यांपैकी कितींना हे त्या दिवशी सुचलं असेल? आग आधीच होती. असल्या गावात गोष्ट सांगणाऱ्यानं ती कुठं थांबवायची याचा दोनदा विचार करावा, एवढं तरी मागता येतं की नाही?

आणि शेजारी प्रत्येक वेळी मुसलमानच असतो असंही नाही. ज्या भालजी पेंढारकरांनी 'नेताजी पालकर', 'छत्रपती शिवाजी' काढले, शिवकाळ पडद्यावर कसा दिसावा हे ज्यांनी महाराष्ट्राला शिकवलं, त्यांचा जयप्रभा स्टुडिओ १९४८ ला गांधीहत्येनंतरच्या जमावानं जाळला. खुनी दुसरा, खून दिल्लीत, आग कोल्हापुरात. वसुली नेहमी जवळ सापडेल त्याच्याकडून होते.

"तुम्हाला आमच्या राजांचं दुःख काय कळणार?" असं एका ओळखीच्या बाईंनी मला लग्नाच्या पंगतीत विचारलं. रागानं विचारलं नाही, खरंच विचारलं. मी त्यांना विचारलं, शहजादा अकबर कोण? औरंगजेबाचा स्वतःचा मुलगा, बापाविरुद्ध बंड करून संभाजीराजांच्या आश्रयाला आला, राजांनी त्याला ठेवून घेतलं. हे 'छावा'तही आहे, पण त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. त्या शेवटानं त्याआधीचंही पुसून टाकलं होतं. मग म्हटलं, राजांना पकडणारा मुकर्रबखान कुठून निघाला होता? त्यांना वाटलं दिल्लीहून. तो आपल्या कोल्हापूरहूनच संगमेश्वरावर गेला होता. आणि दगाफटका कुणी केला यावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी सिनेमाला हरकत घेतली, दिग्दर्शकांना दिलगिरी द्यावी लागली, ते त्यांना ठाऊक होतं. एवढा गुंता असलेली गोष्ट 'आमचं' आणि 'तुमचं' या दोन डब्यांत बसत नाही हो, म्हटलं. त्या हसल्या आणि भात वाढू का म्हणाल्या.

पोरं मात्र पुढचं विचारतात. सातवीच्या पुस्तकात 'मराठ्यांचे स्वातंत्र्ययुद्ध' हा पाठ आहे, संभाजीराजांपासून ताराराणींपर्यंत. इतिहास माझा विषय नाही, पण ऑफ तासाला मला वर्गावर पाठवतात, आणि गेल्या वर्षी सगळा वर्ग 'छावा'चेच संवाद म्हणत होता. सिनेमाच्या शेवटानंतर काय झालं, असं मी विचारलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "राजं गेलं. मग हारलो की ओ मॅडम."

तेवढ्याच गोष्टीवर वाढलेलं पोर ते. कावळा नाक्यावरून रोज शाळेला येतं, तिथल्या ताराराणींच्या घोड्यावरच्या पुतळ्याला वळसा घालून. ती कोण, असं मी त्याला विचारलं, तर त्याला चौकाचं नाव माहीत होतं.