‘उर्दू पुस्तके, 3 गठ्ठे’

आमच्याकडच्या एका सार्वजनिक वाचनालयाच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक मराठी पुस्तकाला स्वतःची ओळ आहे. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. उर्दूला सगळी मिळून एकच ओळ : ‘उर्दू पुस्तके, 3 गठ्ठे, देणगी.’ विचारले की ठरलेले उत्तर मिळते, “सर, वाचणारे आहेत कुठे?”

यादीतच नसलेले पुस्तक वाचायला मागणार कोण?

साठा पडताळणी म्हणजे काय, तर नोंदवही हातात घेऊन कपाटाशी ताडून पाहणे. वहीत आहे पण कपाटात नाही, ते गहाळ. पण जे वहीतच नाही, ते गहाळ होऊच शकत नाही. तीन गठ्ठ्यांतली चाळीस पुस्तके रद्दीत गेली तरी गठ्ठे तीनच राहतात आणि हिशेब चोख! म्हणून ही एक ओळ मला आळसाची वाटत नाही, धोक्याची वाटते.

‘आम्हाला लिपी येत नाही’ ही सबब मी ऐकून घेईन, मान्य करणार नाही. उर्दू शाळा हाकेच्या अंतरावर आहे, एकदा बोलवा तरी. लिपी न कळल्याने शिक्का पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बसतो, कारण उर्दू पुस्तक उजवीकडून उघडते हे कुणी सांगितलेलेच नसते.

आणि जिथे नोंद होते तिथली तऱ्हा पाहा. ‘लुधियानवी, साहिर.’ अहो, लुधियानवी हे आडनाव नाही, लुधियान्याचा तो लुधियानवी. साहिर हा तखल्लुस, शायर त्याच नावाने ओळखला जातो आणि त्याच नावाने शोधला जातो. इक्बाल एका कार्डावर ‘इकबाल’, दुसऱ्यावर ‘ईक्बाल’. एकाच माणसाचे दोन लेखक. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ तर मी 297 क्रमांकाखाली, म्हणजे ड्यूई पद्धतीत इस्लामच्या फळीवर पाहिला आहे. ओवीबद्ध मराठी ग्रंथ, जागा 891.46 मध्ये, मराठी साहित्यात, संतांच्या पंगतीत. कवीचे नाव वाचले, पुस्तक उघडलेच नाही. मुसलमानाने मराठीत लिहिले तरी त्याला आधी धर्माच्या कपाटात ठेवायचे, ही खोड फक्त ग्रंथपालांची नाही.

आता घरचे बोलू. आपल्या मशिदी, दर्गे, मदरसे यांतल्या कपाटांची यादी कुणाकडे आहे? मिनाराला रंग द्यायला चंदा जमतो, शंभर पानी वहीला जमत नाही. सवाबसाठी दिलेल्या किताबांना वाळवी लागते. मग जीर्ण कुरआनची पाने अदबीने दफन करतात, ते योग्यच आहे. पण त्याच गाठोड्यात कुणाच्या आजोबांची दखनी हस्तलिखिते गेली का, हे कोण बघतो? यादी असती तर कुणी तरी थांबवले असते.

ही आपली परंपरा नाही म्हणावे तर दहाव्या शतकात बगदादच्या इब्न अल-नदीमने, जो स्वतः किताबांच्या धंद्यातला होता, ‘अल-फिहरिस्त’ लिहिली. त्यातली कितीतरी पुस्तके आज जगात कुठेच नाहीत. ती होती एवढे कळते ते त्या यादीमुळे. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयाच्या हस्तलिखितांच्या छापील सूच्यांचे खंडच्या खंड आहेत. आणि मराठीतले ‘दप्तर’, ‘यादी’, ‘रुजवात’ हे शब्द आले कुठून? फारसी-अरबीतून. शब्द देऊन बसलो, काम विसरलो.

काम अवघडही नाही. एक वही, सहा रकाने : क्रमांक, शीर्षक उर्दूत, तेच देवनागरीत, लेखक, छापल्याचे साल आणि गाव, कुणी दिले. साल हिजरी असेल तर हिजरीच लिहा, इसवी बाजूला. नववीच्या दोन पोरांना बसवले तर तीन गठ्ठे दोन रविवारांत संपतात. वाचनालयाने परवानगी दिली तर पोरे मी आणतो. मशिदीच्या कपाटाची किल्ली मात्र मुतवल्लींकडे आहे, ती तुम्ही मागा.