माणूस आपला, गाडी परकी!

रोह्याच्या बाजारपेठेत आमची गाडी उभी राहिली की कुणीतरी हमखास विचारी, "काय पाहुणे, मुक्काम किती दिवस?" वडील हसून सांगत, "आता इथलेच." तरी विचारणाऱ्याची नजर पुन्हा नंबरपट्टीकडे वळे. तिच्यावर 'एमपी ०९' ही इंदूरची अक्षरे होती. होळकरांच्या इंदुरात राहून घरातली मराठी टिकवली, याचा आमच्या आजीला केवढा अभिमान! पण जिथली भाषा जपली त्याच मुलखात येऊन आम्ही पाहुणे ठरलो, आणि तेही एका पत्र्याच्या तुकड्यामुळे.

वडिलांना धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली म्हणून आम्ही रोह्याला आलो. माणसांना कुणी अडवले नाही. मला कॉलेजात प्रवेश मिळाला, रेशनकार्डही यथावकाश झाले. राहता राहिली गाडी. तिची कहाणी सांगायची ती केवळ घरचे रडगाणे म्हणून नव्हे. आपल्यापैकी कितीतरी जण उद्या पोटापाण्यासाठी सुरतेला, बंगळूरला जाणार आहेत; त्यांच्याही वाट्याला हे येणार आहे.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ४६ वे कलम सांगते की, एका राज्यात नोंदलेले वाहन देशात इतरत्र पुन्हा नोंदवण्याची गरज नाही. वाचून किती बरे वाटते! पण लगेच ४७ वे कलम म्हणते की, बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन दुसऱ्या राज्यात ठेवले, तर तिथला नवा क्रमांक घ्या. त्यासाठी आधीच्या कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र हवे. गाडी चोरीची नाही, कर थकलेला नाही, याची खात्री त्यात होते. अशी खात्री करून घेणे योग्यच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गंमत एवढीच की, चालकाचे लायसन्स देशभर चालते. म्हणजे इंदूरचे लायसन्स खिशात असलेले वडील इथे रीतसर चालक, आणि त्यांची गाडी मात्र परकी!

गाडीवर कर्ज होते, म्हणून बँकेची संमतीही हवी होती. 'करू, करू' म्हणता पावसाळा आला. माळव्याच्या कोरड्या हवेत वाढलेल्या गाडीला कोकणचा पाऊस काय ठाऊक? या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि खाडीकडची दमट, खारी हवा पत्र्याला सोडत नाही. चार महिन्यांत आसनांवर बुरशी आली, बॅटरीच्या टोकांवर पांढरा थर चढला. गॅरेजवाले काका म्हणाले, "मे महिन्यातच खालून गंजरोधक लेप द्यायला हवा होता. आता निदान दर पंधरवड्याला गोड्या पाण्याने गाडी खालून धुवा."

हा गंज नंतर कागदापर्यंत पोचला. ना हरकत प्रमाणपत्राच्या अर्जाला चासी क्रमांकाचा पेन्सिलने उठवलेला ठसा जोडावा लागतो. लहानपणी आपण कागदाखाली नाणे ठेवून पेन्सिल घासत असू, अगदी तसाच. मी आणि वडील गाडीखाली शिरलो, तर दोन आकडे गंजाने झाकलेले! काकांनी हलक्या हाताने ते मोकळे केले, तेव्हा कुठे ठसा उमटला. मग रात्रीच्या गाडीने वडिलांच्या इंदूरला दोन फेऱ्या झाल्या, त्यासाठी पगारी सुट्ट्या गेल्या. शेवटी भिसे खिंड, नागोठणे, वडखळ करीत आम्ही गाडी पेणच्या परिवहन कार्यालयात नेली. तपासणी झाली, आणि कराचा आकडा समोर आला.

खरी मेख इथेच आहे. गाडी नवी असताना इंदुरात आम्ही तिचा आयुष्यभराचा कर भरला होता. गाडीच्या वयाप्रमाणे सूट मिळाली खरी, पण महाराष्ट्रात पुन्हा एकरकमी कर भरावा लागला. आधीच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा कर परत मागायचा तो नंतर, वेगळा अर्ज करून, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. आजीच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या महिन्यात कराला गेले. शस्त्रक्रिया पुढे ढकलली. आजी म्हणाली, "मला काय वाचायचंय आता?" ती रोज दुपारी पोथी वाचते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते.

राज्यशास्त्राच्या वर्गात राज्यघटनेची सातवी अनुसूची शिकताना हा घोळ मला उमगला. वाहनांवरील कर हा राज्यसूचीतला ५७ वा विषय. पण अशा कराची तत्त्वे ठरवणे समवर्ती सूचीतल्या ३५ व्या नोंदीत येते, म्हणजे संसदेलाही तो अधिकार आहे. ज्या राज्याच्या रस्त्यावर चाक फिरते त्याला कर मिळावा, हे न्याय्यच आहे. आपल्या रस्त्यांची पावसानंतरची दशा पाहता पैसा लागणार, हे कोण नाकारील? पण मग जिथे चाक फिरायचे थांबले, त्या राज्याने उरलेला कर आपणहून पुढच्या राज्याकडे का पाठवू नये? नोंदणीची सारी माहिती आता संगणकावर आहे. दोन सरकारांमधला हिशेब एका नोकरदाराने आपल्या खिशातून का मिटवावा?

२०२१ साली 'बीएच' ही भारत मालिका निघाली. तिचा कर दोन-दोन वर्षांच्या हप्त्यांनी भरायचा आणि राज्य बदलले तरी क्रमांक तोच. योजना उत्तम आहे! पण ती सरकारी नोकरांना, आणि खाजगी कंपनीची कार्यालये किमान चार राज्यांत असतील तर तिथल्या नोकरांना. वडिलांचा कारखाना एकाच गावात. छोट्या कारखान्यातला कामगार, खाजगी शाळेतला शिक्षक, स्वतःचा धंदा करणारा हे काय गाव बदलत नाहीत? उलट नोकरीची शाश्वती नसल्याने त्यांनाच अधिक वेळा बदलावे लागते. ही मालिका सर्वांना खुली व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आमच्या गाडीवर 'एमएच ०६' आहे. बाजारपेठेत कुणी मुक्काम विचारीत नाही. आजीची शस्त्रक्रियाही उशिरा का होईना, पार पडली. कर-परताव्याचा अर्ज केला आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. पेणचे गणपती दरवर्षी देशभर जातात आणि जातील तिथले होऊन राहतात. माणसालाही तेवढ्याच सहजपणे, आपल्या चाकांसह, नव्या गावचे होता यावे. एका देशाचे नागरिक म्हणून एवढे मागणे जास्त आहे का?

— तृतीय वर्ष कला (राज्यशास्त्र)