जनसुनावणीचा आवाज

काही वर्षांपूर्वी रायपूर जिल्ह्यातील एका प्रस्तावित कारखान्याच्या जनसुनावणीचे अध्यक्षपद माझ्याकडे आले होते. मंडप, खुर्च्या, पोलीस बंदोबस्त, पिण्याचे पाणी आणि एक व्हिडिओवाला, अशी नेहमीची व्यवस्था होती. सुनावणी चार तास चालली. सारांश त्याच ठिकाणी वाचून दाखवला, सही केली. पुढे लोकांची एकेक वक्तव्ये टंकलिखित करण्याचे काम उरले आणि दोन दिवसांनी डीव्हीडी कार्यालयात आली.

टंकलेखकाने चार तासांचे चित्र मागे-पुढे करीत लिहिणे म्हणजे संगणक अडवून ठेवणे. मी सांगितले, व्हिडिओतून नुसता आवाज वेगळा काढा आणि सीडीवर द्या, हेडफोन लावून लिहिता येईल. संगणक चालवणाऱ्या मुलाने विचारले, "सर, दोनों चैनल में आवाज़ अलग-अलग है, कौन-सा रखूँ?" डाव्या चॅनेलवर लाउडस्पीकरच्या मिक्सरमधून थेट आलेला आवाज होता, अगदी स्वच्छ. उजव्यावर कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक होता, त्यात वारा, खुर्च्यांची सरकासरक, रडणारी मुले. मी म्हणालो, स्वच्छ आहे तो ठेवा.

टंकलिखित प्रत हाती आली ती वाचताना एका पानावर थांबलो. तिथे अध्यक्ष, म्हणजे मी, तीनदा म्हणतो आहे, "शांत रहिए, एक-एक करके बोलिए." कोणाला उद्देशून, ते कागदावर नव्हते. मी जणू रिकाम्या मैदानाला शांत करीत होतो. त्या रात्री उजवा चॅनेल लावून ऐकला. मागच्या रांगेतल्या बायका बोलत होत्या, ज्यांच्यापर्यंत माइक पोहोचलाच नव्हता. विहिरीच्या पाण्याबद्दल, धुराबद्दल, आणि मध्येच दोन-तीन आवाज एकदम : "नइ देवन." देणार नाही. ही वाक्ये नंतर इतिवृत्तात घातली. पण ती गेली होती माझ्याच एका साध्या, सोयीच्या निर्णयामुळे, हे विसरता येत नाही.

यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. प्रशासनात स्वच्छ प्रत हवी असते, आणि जे स्वच्छ ऐकू येते ते बहुधा माइक ज्याच्या हाती आहे त्याचेच असते. आवाज 'साफ' करणारी सोय हल्ली प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिला गोंगाट कशाला म्हणायचे ते आपण सांगतो, आणि सरकारी सुनावणीत गोंगाट म्हणजे पुष्कळदा जनताच असते.

१४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीची रीत दिली आहे. संपूर्ण कार्यवाहीचे चित्रीकरण करायचे आणि कार्यवृत्त पाठवताना त्याची टेप किंवा सीडी जोडायची, असे तिथे स्पष्ट आहे. व्यक्त झालेली सर्व मते आणि शंका अचूक उतरवायच्या, सारांश स्थानिक भाषेत समजावून सांगायचा, हेही आहे. छत्तीसगढसारख्या कोळसा, पोलाद आणि सिमेंटच्या राज्यात या अटींचे वजन मोठे आहे. रायगड जिल्ह्यातील गारे येथील कोळसा खाणीसाठी ५ जानेवारी २००८ रोजी झालेल्या जनसुनावणीत लाठीमार झाला. एप्रिल २०१२ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी रद्द केली, ती सुनावणी ज्या तऱ्हेने घेतली गेली त्याच कारणावरून. सुनावणीत काय झाले याचे इतके महत्त्व असेल, तर तिची सीडी नस्तीला दोऱ्याने बांधून मोकळे होणे शोभत नाही. अशा किती सीडी कोणी एकदा तरी पूर्ण ऐकल्या असतील, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तर आवडले नाही.

भाषेचाही प्रश्न आहे. लोक बोलतात छत्तीसगढीत, क्वचित सादरी किंवा गोंडीत, आणि कागदावर येते हिंदी. २००७ मध्ये छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला, तरी टंकलेखकाच्या बोटांना सवय हिंदीची. "नइ देवन"चे "ग्रामीणों ने आपत्ति व्यक्त की" व्हायला एक क्षण पुरतो. मराठी वाचकांना हे नवीन नाही; आपल्याकडे वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणाऱ्याचा जबाब ठाण्यात प्रमाण मराठीत उतरतो तेव्हा हेच होते. म्हणून मूळ आवाज हाताशी, सहज ऐकता येईल असा हवा.

आता थोडे तांत्रिक, कारण अधिकाऱ्यांना हे माहीत नसते आणि म्हणून सगळे लग्नाच्या व्हिडिओवाल्यावर सोडले जाते. डीव्हीडीवरचा आवाज सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो, ऑडिओ सीडीचा ४४,१०० नमुन्यांचा. रूपांतर न करता एकाचे आकडे दुसऱ्याच्या मापाने वाजवले तर आवाज जड होतो आणि चार तासांची सुनावणी सुमारे २१ मिनिटांनी लांबते. अशी सीडी एखाद्या वकिलाच्या हाती पडली तर फेरफार झाल्याचा आरोप व्हायला वेळ लागणार नाही, आणि खुलासा करता करता आपण थकून जाऊ. दुसरे असे की डीव्हीडीवर आवाज बहुधा आधीच दाबून बसवलेला असतो. त्याची थेट एमपीथ्री केली की दाबलेल्यावर पुन्हा दाब. म्हणून पहिली पायरी म्हणजे आवाजाचा प्रवाह आहे तसा, न बदलता, वेगळा काढणे. एफएफएमपेगसारखी विनामूल्य साधने हे काम थोड्या वेळात करतात. तो मूळ धागा जपून ठेवायचा आणि बाकीच्या प्रती त्यावरून करायच्या.

दोन चॅनेल कधीही एकत्र करू नयेत. कॅमेरा मंचापासून ३४ मीटरवर असेल, तर त्याच्या माइकमध्ये लाउडस्पीकरचा आवाज मिक्सरच्या मानाने सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोहोचतो. दोन्ही मिसळले की प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो आणि लिहिणारा वैतागून एक चॅनेल बंद करतो. कोणता, ते वर सांगितलेच आहे.

ऑडिओ सीडीवर ८० मिनिटे मावतात. चार तासांना तीन सीडी अगदी काठोकाठ, व्यवहारात चारच धराव्यात. त्याच चार तासांची ऐकण्यापुरती एमपीथ्री प्रत, ६४ केबीपीएसने, सुमारे ११५ एमबीची होते आणि एका सीडीत आरामात बसते, मात्र प्लेअर एमपीथ्री वाजवणारा हवा. दोन्ही चॅनेलसह न दाबलेला आवाज ठेवायचा तर पावणेतीन जीबीच्या आसपास जागा लागते. त्यासाठी एक डीव्हीडी पुरते.

आणि प्रत म्हणजे मूळ नव्हे, हे सरकारी माणसाला न्यायालयाने शिकवले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात नामनिर्देशनपत्र २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाले की नाही, हा वाद होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रीकरण होते. न्यायालयात आल्या त्याच्या व्हीसीडी, आणि सोबत भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब चे प्रमाणपत्र नव्हते. अर्जदाराने ते पुन्हापुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल' या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की मूळ साधन हजर केले नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्यच आहे; मात्र ज्याने प्रयत्नांची शिकस्त करूनही ते मिळाले नाही, त्याच्यावर अशक्य गोष्टीचा भार टाकता येणार नाही. निकाल लागला तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती. एका सहीच्या कागदासाठी. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या अनुसूचीतील प्रमाणपत्रात फाइलचा हॅश आकडाही द्यावा लागतो. चित्रीकरण हाती आले त्याच दिवशी हा आकडा काढून नस्तीत लिहून ठेवावा. दहा मिनिटांचे काम आहे.

सीडीवर माझा फार भरवसा आहे असेही नाही. राइट करण्याच्या सीडीतील रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने खराब होते, आणि रायपूरचा मे महिना पत्र्याच्या कपाटातल्या वस्तूंना दया दाखवत नाही. नव्या लॅपटॉपला सीडीचा कप्पाही बहुधा नसतो. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगढवर १७४१ पासून १८५४ पर्यंत या ना त्या रूपात होती. त्यांचा कारभार मोडीत चाले, आणि आज मोडी कागद समोर आला की आपण वाचणारा शोधत फिरतो. आपल्या व्हीसीडी आणि डीव्हीडींची अवस्था मोडीइतकीच होईल, फक्त पुष्कळ लवकर. घरोघरी लग्नाच्या, मुंजीच्या सीडी आहेत, त्यात आता हयात नसलेल्या आजीचा आवाजही असेल. वर दिलेली रीत तिथेही चालते, आणि तिथेही पार्श्वसंगीत घातलेल्या प्रतीवर विसंबू नये, मूळ कॅसेट मागावी.

माझी मागणी लहान आहे. जनसुनावणीच्या चित्रीकरणाचा कार्यादेश देताना त्यात तीन वाक्ये वाढवावीत. मिक्सरचा आणि मैदानाचा आवाज वेगवेगळ्या चॅनेलवर घ्यावा आणि काहीही साफ न करता द्यावा. मूळ कार्ड किंवा टेप कार्यालयात जमा करावी. आणि आवाजाची एक प्रत, सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर, संबंधित ग्रामपंचायतीला आठ दिवसांत पोहोचवावी. तिसऱ्या वाक्याला आक्षेप येतील, हे गृहीत धरले आहे. एका सहकाऱ्याने विचारलेच, "गावाला कशाला? ते काय ऐकणार?" त्या रात्री उजव्या चॅनेलवर ज्या बोलत होत्या, त्यांना आपले बोलणे कागदावर आले की नाही हे तपासायचे असेल, तर दुसरे साधन कोणते आहे, हे त्यांनी मला सांगावे.