उष्ट्यावर बस चालवायची, पण ताटाचं काय?

मैत्रिणींनो, अन्नाच्या कचऱ्यापासून गाड्यांचं इंधन करणारा प्रकल्प आपल्या शहरात यायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो त्याच्या आखणीला. पहिला प्रश्न असतो, "रोज किती टन मिळेल?" आणि लगेच हॉटेलं, मंगल कार्यालयं मोजायला घेतात. म्हणजे आपण टाकणार, हे गृहीतच!

इंदूरचं उदाहरण सगळे देतात. तिथला प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. क्षमता रोज ५५० टन ओल्या कचऱ्याची. त्यातून सुमारे १७ हजार किलो बायो-सीएनजी आणि १०० टन खत. शहराच्या बस त्या गॅसवर धावतात. पण तिथे यंत्र येण्याआधी कित्येक वर्षं घराघरात ओला-सुका वेगळा होत होता, हे सांगायचं मात्र राहून जातं. टाकीतल्या जिवाणूंना प्लास्टिक पचत नाही, काच पचत नाही, वाळू तळाशी साचते. तयार झालेला गॅसही तसाच गाडीत भरता येत नाही. त्यात बराचसा कार्बन डायऑक्साइड असतो, शिवाय सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. ते काढून मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर न्यायचा, मग दाबून भरायचा. एवढा खटाटोप!

"त्या टाकीत अगणित जीव, ती हिंसा नाही का?" असं आमच्या संघातल्या एक काकू विचारतात. प्रश्न खरा आहे. पण उष्टं दोन घटका पडून राहिलं की त्यात जीवोत्पत्ती होते, हे आपणच सांगतो ना? मग कचरा डेपोच्या ढिगात काय होतं? तिथे गाय पिशवीसकट खाते आणि मिथेन हवेत जातो तो वेगळाच. हिंसेचा हिशेब वाढून घेतानाच करायचा असतो, काकू. टाकी फार पुढची गोष्ट.

म्हणून प्रकल्पाचा आकार मंडईचा पाला, साली, देठं, रसवंतीचा चोथा यांवर ठरवा. जे कुणी खाणारच नव्हतं, तेवढंच. मोठी टाकी बांधली की ती रोज भरावी लागते. त्यात कंत्राटात किमान टनांची हमी लिहिली, तर कचरा कमी करणारं शहरच दंड भरेल! आणि जेवणावळीत चाळीस पदार्थ मांडणाऱ्यांना "वाया कुठे जातंय, बस चालते की" म्हणायला मोकळीक. एका लग्नात मी हे कानांनी ऐकलंय. थाळी धुऊन पिणाऱ्या आजीच्या नातवंडांनी त्यावर माना डोलवायच्या?

मंडईचा पाला फुकट उचला. मंगल कार्यालयांकडून मात्र उष्ट्याचे किलोमागे पैसे घ्या, आणि तेही चांगले घसघशीत.