थकवा म्हणजे आळस नव्हे

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आम्ही वजनकाटा, बीपीचे मशीन आणि साखर तपासायचे यंत्र मांडून बसतो. आमच्यात दोन माजी नर्स, एक आशाताई आणि वस्तीतल्या तीन-चार कार्यकर्त्या आहेत. पूर्वी लोक बीपी पाहायला यायचे. आता बायका आधी काट्यावर उभ्या राहतात. "ताई, दोन किलो तरी उतरलं का पाहा ना." आकडा उतरलेला दिसला की चेहरा खुलतो, आणि मग हळूच दुसरे वाक्य येते, "पण अंगात काही जीवच नाही राहिला जी."

या दुसऱ्या वाक्याकडे कोणी लक्ष देत नाही. घरचे देत नाहीत, दवाखान्यात देत नाहीत आणि ती बाई स्वतःही देत नाही. म्हणून आज त्यावरच लिहीत आहोत.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या उत्तर नागपुरातली एक ताई, वय ४२, वजन ७८ किलो, चार घरची धुणीभांडी करते. तपासणीत साखर थोडी वाढलेली निघाली. दवाखान्यात सांगितले, "वजन कमी करा, कमी जेवा." एवढे बोलून पुढच्या पेशंटला हाक. ताईने सल्ला मनापासून पाळला. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी एक भाकर आणि थोडी भाजी, रात्री काकडी, आणि दिवसभरात आणखी दोन वेळा चहा. दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरले. शेजारणी कौतुक करू लागल्या. त्याच वेळी कामावर हात चालेना, जिना चढताना छाती धडधडे, दुपारी जिथे जागा मिळेल तिथे डोळा लागे. घरात बोलणी बसू लागली की बाई आळशी झाली. एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात भोवळ येऊन ती पडली. कपाळाला चार टाके पडले. तेव्हा कुठे रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.८. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय, आणि ८ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय, असे जागतिक आरोग्य संघटनेचे माप आहे. कित्येक महिने तिच्या पाळीत जास्त रक्त जात होते. वजन कमी करायला सांगताना हे कोणी विचारलेच नव्हते.

दोष फक्त त्या दवाखान्याला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. ड्यूटीवर असताना "कमी जेवा" हे दोन शब्द आम्हीही शेकडो वेळा उच्चारले आहेत. ओपीडीत रांग मोठी, वेळ कमी, आणि हा सल्ला सोपा. तो अर्धवट आहे हे समजायला आम्हाला वॉर्ड सोडून वस्तीत यावे लागले.

आता त्या ताईच्या जेवणाचा हिशेब पाहू. तिचे दिवसभराचे खाणे जेमतेम ७०० कॅलरीचे होत होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १,६६० आणि मध्यम कष्टाचे काम करणाऱ्या स्त्रीला सुमारे २,१३० कॅलरी लागतात. हे माप ५५ किलो वजनाच्या स्त्रीचे आहे. चार घरची भांडी घासणारी, फरशी पुसणारी, रोज दहा जिने चढणारी बाई ७०० वर चालणार कशी?

अन्न एकदम तोडले की शरीरात काय होते ते समजून घ्या. पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो झरकन उतरतात त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, तो पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणीही जाते, सोबत मीठही जाते. म्हणून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, डोके दुखते. पुढे शरीर काटकसर सुरू करते. नाडी मंदावते, थंडी वाजते, हालचाल आपोआप कमी होते. ताटात डाळ, अंडे, मासळी नसेल तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. स्नायू झिजले की ताकद जाते. पुन्हा नेहमीसारखे जेवू लागलो की वजन परत येते, ते मात्र मुख्यतः चरबीच्या रूपाने.

हा मनाचा कमकुवतपणा नाही, याचा पुरावा ८० वर्षांपूर्वीच मिळाला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसे जेवू घालावे हे शोधायचे होते. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून बंदूक उचलायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. म्हणजे निश्चयाने पक्के. त्यांना २४ आठवडे रोज सुमारे १,५७० कॅलरी दिल्या आणि चालायलाही लावले. त्यांचे वजन जवळपास पाव हिश्श्याने घटले. ते थकले, चिडचिडे झाले, गरम खोलीतही त्यांना थंडी वाजू लागली, जिना चढणे जड झाले आणि दिवसभर जेवणाशिवाय दुसरे काही सुचेना. या धडधाकट पुरुषांचे १,५७० कॅलरीवर असे झाले. आमची ताई त्याच्या निम्म्यावर होती, आणि वर तिचे रक्तही कमी होते.

आपल्याकडचा खरा पेच हाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा जास्त होते. म्हणजे एकाच शरीरात वजन जास्त आणि रक्त कमी असे असू शकते, आणि आमच्या काट्यावर ते दर महिन्याला दिसते. स्वस्त तेल, साखर, मैदा आणि पॉलिशचा तांदूळ यांनी अंग भरते, पण त्यातून लोह आणि प्रथिने पुरेशी मिळत नाहीत. अशा बाईने आहे तेच ताट अर्धे केले तर आधीच तुटपुंजे असलेले लोहही अर्धे होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. आपल्या घरांत बाई अजूनही शेवटी जेवते. आता "मी डाएटवर आहे" म्हणाली की घरातले अंडे पोराच्या ताटात जाते, मासळीचा तुकडा नवऱ्याच्या ताटात जातो, आणि कोणाला त्यात काही वावगेही वाटत नाही. तिच्या वाट्याला काकडी येते. याला आम्ही डाएट म्हणायला तयार नाही. जुनी सवयच नवे नाव घेऊन आली आहे.

याचा अर्थ वजन कमी करू नये असा मुळीच नाही. मधुमेह आणि बीपी आपल्या वस्त्यांत घरोघरी आहे, आणि ज्यांचे वजन जास्त आहे त्यांनी ५ टक्के जरी कमी केले तरी साखरेला आणि बीपीला फायदा होतो. ८० किलोच्या माणसाला ४ किलो पुरे. आमचे म्हणणे एवढेच की ताट कमी करण्याआधी रक्त तपासा आणि ताट रिकामे करण्याऐवजी बदला.

बदलायचे म्हणजे काय? चार कप चहात प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे आठ चमचे, सुमारे १६० कॅलरी. भाजीवर तरंगणारे एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२०. संध्याकाळी मूठभर शेव-फरसाण म्हणजे १५० च्या आसपास. ही तीन कामे केली की भाकरीला हात न लावता दिवसाला ४०० हून अधिक कॅलरी कमी होतात. यातून आठवड्याला अर्ध्या किलोच्या आतबाहेर वजन उतरते. व्हॉट्सअ‍ॅपवर "सात दिवसांत पाच किलो" म्हणून येते त्याच्यापुढे हे फिके वाटेल, पण हे टिकते आणि यात भोवळ येत नाही.

ज्या पदार्थांनी ताकद येते ते ताटात वाढवा. ६० किलोच्या स्त्रीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम आणि मूठभर फुटाण्यांतून ६ ग्रॅम मिळतात. वरण पाण्यासारखे पातळ नको, दाट करा. मोट, चवळी, हरभरा भिजवून मोड आणा. पनीर, बदाम आणि महागड्या पावडरीचा तक्ता कोणी हातात दिला तर घाबरू नका. आपल्या स्वयंपाकघरातली सुकट, झिंगे, कलेजी, अंडी त्याहून कमी नाहीत. काही जणींना हे पदार्थ खातो म्हणून सांगायचीच लाज वाटते. ती सोडा. कलेजीतले लोह शरीराला पालकातल्या लोहापेक्षा सहज मिळते. बीपी असेल तर सुकी मासळी दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या, तिच्यात मीठ फार असते. पालेभाजीवर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाला लागून चहा घेऊ नका, निदान तासभर थांबा.

तपासणीला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते आणि लोहाच्या गोळ्याही तिथे मिळतात. किती दिवस, किती गोळ्या हे तिथे विचारून घ्या. गोळीने शौचाला काळे होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका. लोह ठीक असूनही थकवा जात नसेल तर थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगा. मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करूच नये. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण टाळले तर साखर एकदम खाली येते. घाम फुटणे, हात थरथरणे, छाती धडधडणे, बोलणे अडखळणे अशी लक्षणे दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. बीपीची गोळी घेणाऱ्यांचे वजन उतरले की बीपीही उतरते, तेव्हा डोस तपासून घ्यावा लागतो.

सुरुवातीचा आठवडाभर थोडा थकवा समजण्यासारखा आहे. दोन आठवड्यांनंतरही तो राहिला तर खाणे वाढवा आणि तपासणी करा. भोवळ, जिन्यात दम लागणे, पाळी बंद होणे, केसांचे पुंजके हातात येणे यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. छातीत दुखले तर त्याच क्षणी दवाखान्यात जा.

शरीराला छळून ध्येय गाठता येत नाही, हे आपल्याला नवे नाही. उरुवेलेत सिद्धार्थ गौतमाने उपासाने देह हाडांचा सापळा केला, आणि त्यातून काही साधत नाही हे उमगल्यावर सुजातेने दिलेले अन्न घेतले. पाच सोबत्यांना वाटले हा ढेपाळला, म्हणून ते सोडून गेले. आज ताट नीट वाढून घेणाऱ्या आपल्या बाईलाही कोणी म्हणेल, "हिच्याने डाएट झालं नाही." म्हणू द्या.

आमची मागणी साधी आहे. जिथे जिथे बाईला "वजन कमी करा" म्हणून सांगितले जाते, तिथे त्याच वेळी तिचे हिमोग्लोबिन तपासले जावे, पाळीबद्दल विचारले जावे आणि ती काय काम करते, काय खाते, किती झोपते हे ऐकून घेतले जावे. दवाखान्याने विचारले नाही तर आपण स्वतः सांगायचे. आणि घरातल्यांनी, विशेषतः पुरुषांनी, तिला आळशी म्हणण्याआधी तिच्या ताटात काय आहे ते एकदा पाहायचे.

त्या ताईच्या सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. उपचार झाले, रक्तस्राव थांबला, गोळ्या नेमाने चालू राहिल्या. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.२ झाले. ती आता दोन भाकरी, दाट वरण आणि रोज एक अंडे खाते, चहात साखर अर्धा चमचा घालते. अशक्तपणात उतरलेले थोडे वजन परत आले होते, आता ते महिन्याला किलो-दीड किलोने खाली येत आहे. मागच्या रविवारी ती सुनेला घेऊन आली होती. सून एक वेळच जेवते म्हणे, आणि तिला चक्कर येते. पुढच्या पहिल्या रविवारी तुम्हीही या. काट्यावर उभ्या राहण्याआधी आम्ही तुम्हाला जेवणाबद्दल आणि पाळीबद्दल विचारू. उत्तर द्यायला लाजू नका.